मधोमध आभाळ असलेलं घर

एनांपोर गावातल्या त्या गोल मातीच्या घरात गेल्या पन्नास वर्षांत कितीतरी देशांचे पाहुणे राहून गेले. पण ते घर ज्यासाठी बांधलंय ते काम करताना फार थोड्यांनी पाहिलं असेल. घराचं काम चालतं पावसाळ्यात आणि पाहुणे येतात पाऊस संपल्यावर.

आपला चौसोपी वाडा डोळ्यांपुढे आणा आणि त्याचे चारही कोपरे घासून तो गोल करा. चौक तसाच राहू द्या. छपराला दोन उतार आहेत, एक बाहेरच्या अंगाला आणि एक आत, चौकाकडे. आतल्या उतारावरचं पाणी चारी बाजूंनी मधल्या खळग्यात पडतं, तिथे साठतं आणि जास्त झालं तर भिंतीखालून काढलेल्या वाटेने बाहेर जातं. खोल्या या चौकाभोवती फेर धरून उभ्या असतात. त्यांचा उजेड बाहेरून येत नाही, मधल्या आभाळातून येतो. भिंती हाताने थरावर थर चढवलेल्या मातीच्या. वासे ताडाच्या खोडाचे, कारण वाळवीचं या लाकडापुढे फारसं चालत नाही. हा ताड आपल्या ताडाचा आफ्रिकेतला भाऊबंद. वर गवताचं जाड शाकार. प्राचीन रोमनांच्या घरातही असा पाणी झेलणारा चौक असे. त्यावरून फ्रेंचांनी या घराला ‘इंप्लुवियम’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. अशी घरं बांधण्यामागे भीतीही होती, असं सांगतात. गुलाम पकडणाऱ्यांच्या टोळ्या आल्या किंवा शेजारच्या गावाशी हाणामारी झाली, तर दार लावून माणसं आणि गुरं आत राहू शकत. प्यायला पाणी आतच असे.

हे गाव सेनेगलच्या दक्षिणेला, कासामांस प्रांतात आहे. नकाशावर पाहिलं तर गांबिया नावाचा चिंचोळा देश सेनेगलच्या पोटात पाचरीसारखा घुसलेला दिसतो. त्या पाचरीच्या खालचा तुकडा म्हणजे कासामांस. राजधानी डकारचा परिसर कोरडा. इथे मात्र वर्षाला साधारण 1,300 मिलिमीटर पाऊस, खाडीचं जाळं, दोन्ही काठांना कांदळवन आणि भाताची खाचरं. इथल्या जोला लोकांनी खाऱ्या पाण्याला बांध घातले, दोन-चार पावसाळे जमिनीतलं मीठ धुऊ दिलं, पोकळ खोडाच्या नळ्यांनी पाण्याची आवकजावक राखली आणि तिथे भात पिकवला. गोव्यातल्या खाजण शेतीची ज्याला माहिती आहे, त्याला हे वेगळं समजावून द्यायला नको. या प्रांताचं मुख्य शहर झिगिंशोर. सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी तिथे ठाणं उभारलं आणि 1880च्या दशकात ते फ्रेंचांच्या हवाली केलं. म्हणजे जवळपास अडीचशे वर्षं पणजी आणि झिगिंशोर एकाच राजाच्या वहीत होते. मासळीचा ‘काल्दू’ नावाचा लिंबू पिळलेला रस्सा तिथे आजही भातावर ओतून खातात. नाव पोर्तुगीज, भात जोलांचा.

या मुलखात 1970च्या दशकाच्या पूर्वार्धात क्रिस्तियां साल्यो हा तरुण फ्रेंच अभ्यासक आणि अदामा गुदियाबी हा त्याचा सेनेगली सहकारी यांनी एक प्रयोग उभा केला. ‘कांपमां विलाज्वा’, म्हणजे गावाने बांधलेला, गावाच्या मालकीचा आणि गावानेच चालवायचा मुक्काम. पहिला उभा राहिला खाडीकाठच्या एलिंकीनला. मग एनांपोर, बाइला, कुबालान, आफिनियाम, ऊसूय, आबेने अशी एकेक गावं जोडली गेली. ‘जबाबदार पर्यटन’ हे शब्द तेव्हा परिषदांच्या फलकांवर यायचे होते. या दोघांकडे घोषणा नव्हती, काही साधे आणि कडक नियम होते.

एक नियम असा, की मुक्काम गावातल्या घरांसारखाच दिसायला हवा. एनांपोर आणि आफिनियामला तो गोल इंप्लुवियम झाला. ऊसूयला दुमजली मातीचं घर झालं, कारण त्या भागात तशी बांधायची पद्धत आहे. माती, ताड, गवत आणि घाम गावाचा. बाहेरून पैसे आले ते फ्रेंच भाषक देशांच्या सहकार्य संस्थेकडून, आणि ते गाद्या, मच्छरदाण्या, दिवे, संडास-न्हाणीघर असल्या गावात न मिळणाऱ्या गोष्टींपुरते. कर्ज नाही, म्हणून हप्ता नाही. हप्ता नाही, म्हणून वर्षभर खाटा भरल्याच पाहिजेत असा धोशाही नाही.

दुसरा नियम आकाराचा. एका मुक्कामात वीस ते चाळीस खाटा, त्याहून जास्त नाहीत. आणि हजारेक वस्तीच्या आतल्या गावात मुक्काम काढायचाच नाही. म्हणजे मुक्काम खचाखच भरला तरी गावात शेकडा चार पाहुणे. कार्य मोठं झालं की लग्नघरी यजमानालाच बसायला जागा उरत नाही, तसं इथे होऊ नये एवढंच त्यामागचं गणित. मला या अख्ख्या प्रयोगातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच वाटते. पर्यटनाबद्दल जगभर जे काही बोललं जातं, त्यात ‘वाढ’ हा शब्द सतत येतो. ‘पुरे’ कुठे म्हणायचं, हे आधीच ठरवून ठेवणारे विरळा.

तिसरा नियम पैशाचा. मुक्कामाची मिळकत कुणा एका घराची नव्हे. गावाने निवडलेली समिती हिशेब ठेवते. तिथे काम करणाऱ्या पोरापोरींचा मेहनताना आणि डागडुजीचा खर्च वजा जाता उरलेलं गावाच्या कामाला जातं. कुठे शाळेची खोली, कुठे दवाखाना, कुठे प्रसूतिगृह. पोरापोरींना गावात काम मिळावं हा मूळ हेतूंपैकी एक होता. भाताची कापणी उरकली की कासामांसमधल्या तरुण मुली डकारला धुणीभांडी करायला जात, मुलगे मिळेल त्या मजुरीला. आलिन सितोए दियात्ता ही काब्रूस गावची बाईदेखील अशीच डकारला घरकाम करत होती. गावी परतून ती म्हणू लागली की भुईमूग सोडा, आपला भात लावा. फ्रेंचांनी 1943 साली तिला पकडून नेलं आणि पुढच्याच वर्षी दूर तिंबक्तूच्या बंदिवासात ती वारली. आज डकार-झिगिंशोर बोटीला तिचं नाव आहे. त्या बोटीच्या आधीच्या एका बोटीबद्दल पुढे सांगावंच लागेल.

सामाईक कोठार ही कल्पना इथे बाहेरून आणावी लागली नाही. ऊसूयच्या राजाची भातशेती रयत मिळून करते आणि तो भात राजाच्या ताटापेक्षा गरजूंच्या घरी जास्त जातो. लाल वस्त्रातला, हाती छोटी केरसुणी धरलेला हा राजा लोकांसमोर जेवत नाही, पाणीही पीत नाही. राज्य कसलं म्हणाल तर भांडणं मिटवणं, पावसासाठी देवाला साकडं घालणं आणि कोठार राखणं. मुक्कामाच्या पैशाची पेटी अशा मातीत ठेवली होती, हे विसरून तिची नक्कल दुसरीकडे करायला गेलं तर ती पेटी लवकरच कुणाच्या तरी घरात जाऊन बसेल. आपल्याकडे 2020 साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. हुरडा, बैलगाडी, झाडाखालचं जेवण सगळं आलं. पण ते बहुतेक एकेका शेतकऱ्याचं केंद्र असतं, गावाचं नव्हे. त्यात गैर काही नाही. फक्त ती वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्हींना एकच नाव दिलं की हिशेब अंधुक होतो.

पाहुण्याचा दिवस कसा जातो? सकाळी कुणीतरी ‘कासुमाय’ म्हणतं. शांती आहे ना, असा त्याचा अर्थ. उत्तर द्यायचं ‘कासुमाय केप’, म्हणजे शांतीच आहे. मग एखादा गावकरी खाचरांच्या बांधावरून फिरवून आणतो. ‘काजांदू’ दाखवतो. हे लांब दांड्याचं, टोकाला लोखंडी धार बसवलेलं लाकडी फावडं. नांगर न धरता पुरुष याने चिखल उलटतात. लावणी-कापणी बायकांची. तेलमाडावर कमरेभोवती वेटोळं टाकून चढणारा माणूस खाली येतो आणि ताज्या माडीची चव देतो. तिला ‘बुनुक’ म्हणतात. पडावातून खाडीत चक्कर होते. हा पडाव सावरीच्या जातीच्या एकाच प्रचंड खोडातून कोरलेला असतो. दुपारी भात, मासे, नाहीतर कांदा-लिंबात मुरवलेली कोंबडी. आणि एखादी राई लागली की वाटाड्या वळसा घेतो. तिथे जायचं नाही. का, ते विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही. आपल्याकडच्या देवराईत चप्पल काढून तरी जाता येतं. इथल्या काही राया बाहेरच्यालाच काय, गावातल्या दीक्षा न झालेल्या मुलांनाही बंद असतात. पाहुण्याला काय दाखवायचं यापेक्षा काय दाखवायचं नाही, हे गावाच्या हाती राहिलं, ही मुक्कामाची मोठी कमाई.

याच मुलखाच्या टोकाला, समुद्रकाठी, काप स्किरिंग आहे. तिथे त्याच दशकात क्लब मेडने मोठं सुट्टीनगर थाटलं. तिथला पाहुणा विमानाने थेट किनाऱ्यावर उतरे, आठवडाभर पोहत राही, ऊन खाई आणि परत जाई. एनांपोर आणि हे सुट्टीनगर यांतलं अंतर गाडीने फार तर दीड-दोन तासांचं. साल्योने आपल्या प्रयोगावर सविस्तर लेख लिहिला तो 1979 साली इमॅन्युएल द काट यांनी संपादित केलेल्या, पर्यटन आणि विकासावरच्या प्रसिद्ध संग्रहात आला. त्यानंतर कासामांसचं नाव अभ्यासकांच्या तोंडी बसलं. उदाहरण म्हणून नावाजलं जाणं हेही एक प्रकारचं पर्यटनच. लोक येतात, वाखाणतात, जातात.

त्रास नव्हता असं नाही. गोळ्या वाटणारा एक पाहुणा येऊन गेला की पुढच्याच्या मागे पोरं हात पसरून धावणार. शेजारीच कुणी खासगी मुक्काम काढला, पाटीवर तसंच नाव लिहिलं, खाटा वाढवल्या आणि भाव पाडले, की गावाच्या समितीने काय करायचं? समितीतही माणसंच असतात. मुक्कामात कुणाच्या मुलाला कामाला घेतलं आणि कुणाच्या नाही, यावरून जिथे रुसवेफुगवे होत नाहीत असं गाव मी तरी ऐकलेलं नाही.

पण खरा घाव दुसरीकडून बसला. 26 डिसेंबर 1982 रोजी झिगिंशोरमध्ये स्वतंत्र कासामांसची मागणी करणारा मोर्चा निघाला. डकारचं सरकार आमच्या जमिनी बाहेरच्यांना वाटतं, हे त्या रागातलं एक कारण. किनाऱ्यावरच्या हॉटेलांसाठी गेलेल्या जमिनीही त्या यादीत होत्या. धरपकड झाली, मग बंदुका आल्या, मग भूसुरुंग. सीमेलगतची गावंच्या गावं ओस पडली. 1995 साली चार फ्रेंच प्रवासी कासामांसमध्ये बेपत्ता झाले. युरोपातल्या सरकारांनी आपल्या लोकांना ‘तिकडे जाऊ नका’ सांगितलं. परराष्ट्र खात्याच्या नकाशावर तांबडा रंग भरला गेला की तो एनांपोर आणि सुरुंग पेरलेली वाट यांत भेद करत नाही.

2002च्या 26 सप्टेंबरला ‘जोला’ नावाची बोट बुडाली. गांबियातून जाणारा रस्ता त्रासाचा, म्हणून झिगिंशोर-डकार प्रवासाची भिस्त या बोटीवर होती. साडेपाचशेच्या आसपास माणसं घेण्यासाठी बांधलेल्या बोटीत कितीतरी पट माणसं होती. शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या तोंडावर डकारला निघालेली मुलं, माल घेऊन निघालेल्या बायका. 1,800हून अधिक गेली, वाचली फक्त 64. कासामांसमधलं क्वचितच एखादं गाव असेल, जिथे त्या बोटीतलं कुणी नव्हतं.

मुक्काम रिकामे पडले. काही बंद झाले. मातीच्या घराला माणसांची वर्दळ लागते. शाकार दर काही वर्षांनी बदललं नाही तर पावसाळे भिंतींना परत शेत करून टाकतात. पण उपासमार झाली ती युद्धाने विस्थापित झालेल्यांची. मुक्काम बंद पडला म्हणून गावाची चूल विझली नाही, कारण चूल भातावर होती. पाहुण्यांचा हंगाम मुद्दामच कापणीनंतरच्या मोकळ्या महिन्यांत बसवलेला होता आणि ज्या पोराने जानेवारीत पाहुण्यांच्या खाटा घातल्या, त्याच्या हातात जुलैत काजांदू असे. मिळकत जोडीची होती. जोड तुटली, दोर राहिला. किनाऱ्यावरच्या सुट्टीनगरावर पोट असलेल्या माणसाला हे सुख नव्हतं. हॉटेलात चाकरी करणाऱ्याला हॉटेल बंद पडल्यावर परत जायला खाचर असेलच असं नाही.

डिसेंबर 2004च्या अखेरीस समझोत्यावर सह्या झाल्या. त्याने सगळं मिटलं नाही, पण हळूहळू वाटा उघडल्या. मुक्कामांपैकी काही पुन्हा उभे राहिले, एनांपोरचा त्यांतलाच. आता काजू मोठं पीक झालंय. ब्राझीलहून पोर्तुगिजांनीच जगभर फिरवलेलं हे झाड इथे खाचरांच्या वरच्या बाजूला दाट माजलंय आणि पश्चिम आफ्रिकेतला कच्चा काजू बोटी भरून भारताकडे येतो. भात लावायला माणूस मिळत नाही, ही तक्रार तिथेही आहे. खारं पाणी पूर्वीपेक्षा वर चढतंय, बांधांची डागडुजी मागे पडतेय. मुक्कामापुढचा खरा प्रश्न हा आहे. पाहुणे येतील न येतील, पण पाहुण्यांना दाखवायचं ते शेत आणि ते घर करणारे हात गावात उरतील का?

मे महिना संपत आला की पाहुणे जातात. गाद्या उन्हात टाकून गुंडाळून ठेवल्या जातात. गवताच्या पेंढ्या येतात, दोघे-तिघे छपरावर चढतात, जुनं कुजलेलं शाकार खाली चौकात पडतं, तिथून झाडून बाहेर. मधला खळगा साफ करतात. जूनच्या शेवटी कधीतरी दुपारी अंधारून येतं आणि छपराच्या आतल्या कडेवरून पहिली धार खाली पडते, मग दुसरी, मग सगळीकडूनच. खोल्या रिकाम्या असतात. गाव खाचरात गेलेलं असतं.