गालिच्यावरची आगगाडी

मुलाच्या वाढदिवसाला विजेवर चालणारी आगगाडी भेट मिळाली की घरात कुणाला जेवणाचीही आठवण राहत नाही. दिवाणखान्यातल्या गालिच्यावर रूळ जोडले जातात, गाडी धावू लागते. आठवडाभरात मात्र ती अडखळू लागते, वळणावर घसरते, इंजिन गरम होते. ‘खेळणंच तकलादू!’ असे म्हणत सगळा संच माळ्यावर जातो आणि मुलाचा उत्साहही. अशा वेळी इंजिनाला दोष देण्याआधी गालिच्याकडे पाहावे.

गालिचा का नको?

या गाडीला वीज रुळांतून मिळते. एका रुळातला प्रवाह चाकांवाटे मोटारीत जातो आणि दुसऱ्या रुळातून परततो. त्यामुळे रुळांचा प्रत्येक जोड घट्ट हवा. मऊ गालिच्यावर शेजारी कुणी गुडघा टेकला तरी रूळ दबतात, जोड सैल होतात आणि गाडी थांबते.

दुसरा त्रास धाग्यांचा. इंजिनाच्या खालच्या बाजूला तेल लावलेली दंतचक्रे असतात. गालिच्याची लव आणि गळलेले केस त्यांत गुंतले की मोटारीवर ताण पडतो, ती तापते. गालिच्यात लपलेली टाचणी दोन्ही रुळांवर आडवी पडली, तर शॉर्टसर्किट होते. शिवाय इंजिनाच्या तेलाचे डाग गालिच्यावर पडतात ते वेगळेच.

उपाय फळीचा

गालिचा आणि रूळ यांच्यामध्ये सपाट, टणक थर घातला की यातला बराच त्रास टळतो. ‘एचओ’ मापाची गाडी खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान असते. तिच्या रुळांत १६.५ मिलीमीटर अंतर असते. अठरा इंच त्रिज्येच्या वळणांचा पूर्ण गोल सुमारे तीन फूट व्यासाचा होतो. त्याला चार फूट लांब, दोन फूट रुंद असे प्लायवुडचे दोन तुकडे पुरतात. खेळ संपल्यावर ते कपाटामागे उभे करता येतात. कडा पॉलिशपेपरने घासून घ्याव्यात. दोन फळ्यांच्या सांध्यावर रुळांचा जोड येऊ देऊ नये. अखंड रुळाचा मधला भाग यावा.

शेवटचा जोड जुळत नसेल तर जोर लावू नका. सगळे रूळ थोडे सैल करून पुन्हा गोल जमवा. मग जोडांवरून बोट फिरवा; बोटाला जिथे टोचेल तिथेच गाडी घसरेल. आधी एक डबा हाताने ढकलून पाहा, नंतर एकटे इंजिन हळू चालवा आणि शेवटी डबे जोडा.

बूट ठेवायच्या खोक्याचा बोगदा छान होतो. पण तो वळणावर ठेवायचा असेल तर सर्वांत लांब डबा आधी त्यातून नेऊन पाहा. वळताना डब्याचे कोपरे आणि मधला भाग रुळाबाहेर येतात.

एवढे सांभाळा

घरातली वीज २३० व्होल्टची असते. ट्रान्सफॉर्मर ती खेळण्याला झेपेल इतकी कमी करतो. त्याचा प्लग मोठ्यांनीच लावावा, ट्रान्सफॉर्मर गालिच्याखाली किंवा चादरीखाली झाकू नये. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर सुटे भाग मोजून ठेवावेत.

आवरतानाही घाई नको. प्लग काढल्यावर रूळ जोडाजवळ धरून सरळ ओढा, पिळू नका. चाकांत अडकलेले केस चिमट्याने काढा. रुळांच्या तुकड्यांना मागून क्रमांक दिले तर पुढच्या रविवारी मूल स्वतःच गोल जुळवील.

या छंदाची मजल कुठवर जाते ते मुलांना दाखवायचे असेल, तर पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये सुरू झालेले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. आपल्या गाडीसारखीच छोटी गाडी पूल, घाट आणि स्टेशनांमधून धावताना पाहिली की मूल घरी येऊन आधी फळी मागेल. ती तयार ठेवा!