भिंत किती भक्कम असावी?

हुबळीच्या वेशीवर तारिहाळची औद्योगिक वसाहत आहे. २०२२ च्या जुलै महिन्यात तेथील एका कारखान्यात स्फोट होऊन आग भडकली आणि होरपळलेल्या कामगारांपैकी काहींनी पुढे प्राण सोडले. तेथे दारूगोळा तयार होत नव्हता. वाढदिवसाच्या केकवर खोचून पेटवायच्या ठिणगीच्या मेणबत्त्या तयार होत होत्या! वास्कोहून निघालेली आगगाडी ज्या हुबळीला जाते, ती आम्हां गोमंतकीयांना परकी नाही. आणि तारिहाळसारख्या पत्र्याच्या शेडी आमच्याही वसाहतींतून उभ्या आहेत. म्हणूनच एक प्रश्न येथे उपस्थित करणे आम्हांस अगत्याचे वाटते. स्फोटाची शक्यता जेथे गृहीत धरावीच लागते, तेथील इमारत कशी असावी?

भिंती जाड, छप्पर काँक्रीटचे आणि दरवाजा लोखंडी असावा, असे उत्तर सामान्य माणूस देईल. आमचे नम्र मत असे की, हे उत्तर निम्मे चूक आहे आणि त्या निम्म्या चुकीपायीच माणसे मरतात.

किनाऱ्यावरील वाचकाला वादळाचा अनुभव आहे. ताशी दीडशे किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे एक किलोन्यूटन, म्हणजे शंभर किलो वजनाइतका भरतो. आमच्या छपरांचे गणित बहुधा याच आकड्यावर बसवलेले असते. स्फोटाची लाट याच्या दसपट, वीसपट दाब घेऊन येते. मात्र काही सहस्रांश सेकंदांत ती ओसरते आणि मागोमाग उलट ओढ देते. खिडक्यांच्या काचा पुष्कळदा बाहेरच्या बाजूस पडलेल्या आढळतात, त्याचे एक कारण ही ओढ होय. लाट समोरच्या भिंतीवर आपटून परतते तेव्हा भिंतीवरचा दाब दुपटीहून अधिक होतो. अशा क्षणिक आघातापुढे नुसता ताठपणा उपयोगी पडत नाही. वाकेल, तडकेल, पण तुटून पडणार नाही, अशी भिंत हवी. म्हणून सळयांची गुंफण आणि तुळई व खांब यांचे सांधे यांकडे अभियंते अधिक लक्ष पुरवतात. नुसत्या विटांच्या भिंतीत हा गुण नाही. तिची प्रत्येक वीट अस्त्र बनते.

हे झाले बाहेरच्या स्फोटाविषयी. स्फोट खोलीच्या आतच झाला तर सारे गणित पालटते. बंद खोलीत तप्त वायू कोंडतात, त्यांना वाट सापडत नाही आणि आतला माणूस वाचत नाही. वर काँक्रीटचा स्लॅब असेल तर तोही अंगावर येतो. यास्तव दारूकामाच्या खोलीचे छप्पर किंवा एक बाजू मुद्दाम हलकी ठेवतात, म्हणजे दाब तिकडून निघून जावा. त्या बाजूस काही अंतरावर मातीचा बांध घालतात. दरवाजे बाहेर उघडणारे, खोलीत माणसे मोजकी आणि माल त्याहून मोजका. चोरीच्या भयाने खिडक्यांना गज ठोकणारा आणि मागील दाराला कुलूप घालणारा मालक नकळत तोफेची नळी बांधत असतो.

परंतु सर्वांत स्वस्त संरक्षण भिंतीचे नव्हे, अंतराचे. माल आठपट झाला तर दाब तेवढाच राहण्यासाठी अंतर दुप्पट करावे लागते, असा ढोबळ नियम आहे. आता तो उलटा वाचा. मधल्या मोकळ्या जागेत कोणी शेड टाकून अंतर निम्मे केले, तर त्या शेडीपुरता माल आठपट केल्यासारखे झाले! आमच्या वसाहतींतून सोडलेली मोकळी जागा हळूहळू पत्रे टाकून गिळली जाते. त्या प्रत्येक अतिक्रमणाला हा हिशेब लागू आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटले. सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकाच जहाजात, आणि ते जहाज शहराच्या कुशीत उभे. आगीशी झुंजणारे साठांहून अधिक अग्निशामक जवान तेथे कामी आले. त्या दिवशी चुकले ते अंतरच. २०२० मध्ये बैरूतच्या बंदरात २७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, तेव्हा शेजारच्या धान्याच्या प्रचंड काँक्रीट कोठारांनी स्वतः उद्ध्वस्त होऊन पश्चिमेकडील वस्तीला काहीसा आडोसा दिला. ती कोठारे त्यासाठी बांधलेली नव्हती. दैवयोगावर विसंबून नगररचना करता येत नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. भारतीय मानक संस्थेने स्फोटरोधक बांधकामाचे निकष १९६८ सालीच प्रसिद्ध केले. स्फोटकांविषयीचे २००८ चे नियम अंतरे आखून देतात आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरास आहे. उणीव निराळ्या ठिकाणी आहे. फुलबाजीची भुकटी ज्या शेडीत भरली जाते, तेथे उद्योगाची नोंद कागदोपत्री भलत्याच नावाने असू शकते. आणि कागदावर जे नाही, त्याच्या छपराची तपासणी कोण करणार? वसाहतीतील भूखंड भाड्याने, पोटभाड्याने देताना आत कोणता माल येणार आहे हे लेखी घ्यावे आणि अग्निशमन दलाने वर्षातून एकदा प्रत्यक्ष आत जाऊन पाहावे, एवढी मागणी आम्ही करतो. यास नवा कायदा लागत नाही. मागील दाराचे कुलूप तर आजच निघू शकते.