एसीचा कॉम्प्रेसर दारात बदलताना

तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली भागातील आपली कितीतरी मुले कर्जावर घेतलेली गाडी भाड्याने चालवतात. मे महिन्यात खाडीकाठच्या दमट उकाड्यात एसी बंद पडला की गिऱ्हाईक बसत नाही. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. मग मजुरी वाचवण्यासाठी कॉम्प्रेसर दारातच बदलावा असे वाटते. अशा बंधूंसाठी आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

आधी कॉम्प्रेसरच गेला आहे का, हे तपासा. फ्यूज, रिले, सैल पट्टा किंवा कमी गॅस यामुळेही एसी चालत नाही. खात्री झाली तरी गॅस भरलेला पाइप घरी सोडू नका. बहुतेक गाड्यांतील आर-१३४ए वायू उणे २६ अंशांवर उकळतो. तो अंगावर उडाला तर कातडी व डोळे गोठवतो. गॅस यंत्राने काढणे आणि शेवटी व्हॅक्यूम करून वजनाने भरणे, ही कामे गॅरेजचीच.

मधले काम घरी जमते. बॅटरीची तार काढा, पट्टा उतरवा, बोल्ट सोडा, उघड्या पाइपांना बूच लावा. नवे ओ-रिंग, नवा ड्रायर आणि कंपनीने सांगितलेल्याच जातीचे तेल मापात घाला. जुन्या कॉम्प्रेसरचा चुरा पाइपांत राहिला तर नवाही जाईल.

ज्या मुलाचा या कामात हात बसतो, त्याने आयटीआयमधील रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड जरूर घ्यावा. मजुरी पुन्हा कमावता येते, डोळा नाही.