पडदा धूसर की दृष्टी?

नोव्हेंबर उजाडला की निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरांत हयातीच्या दाखल्याची लगबग सुरू होते. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू झाली आणि बँकेच्या बाकावर ताटकळत बसण्याचा त्रास पुष्कळसा कमी झाला. त्याही आधी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात, म्हणजे आपल्या खानदेशातच. तेव्हापासून सातबारा, बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण असे एकेक काम कागदावरून पडद्यावर गेले आहे. ज्याला पडदा नीट दिसत नाही, त्याला आपला व्यवहार दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागतो.

शिंदखेडा तालुक्यातील नरडाण्यासारखे गाव डोळ्यांपुढे आणावे. सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे स्थानक, शेजारून जाणारा मुंबई–आग्रा महामार्ग. इथली तरुण मंडळी सुरत, नाशिक, पुण्याकडे नोकरीला जातात आणि तिकडे नवा संगणक घेतला की जुना आजी-आजोबांकडे येतो. तो बहुधा खेळांसाठी सजवलेला असतो, आणि पडद्याच्या सेटिंग्जमध्ये नातवाने काही फेरफार आधीच करून ठेवलेले असतात. सुट्टीत आल्यावर तो आजोबांसाठी आणखी दोन करतो. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून रिझोल्यूशन कमी करतो, आणि ‘डोळ्यांना ताण पडू नये’ म्हणून रिफ्रेश रेट वाढवतो, तोही मॉनिटरच्या निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेच्या वर. या दुसऱ्या प्रकारालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. दोन्हींच्या मागे माया असते, पण हेतू एकानेही साधत नाही. आठवडाभरात आजोबा म्हणू लागतात, ‘चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतो.’

पुष्कळदा नंबर वाढलेला नसतो. याच्या उलटही घडते आणि ते अधिक गंभीर असते: डोळ्यात खरोखर काही बिघडलेले असते आणि घरातील सारे मॉनिटरला दोष देत बसतात. ही गाठ सोडवणारी एक युक्ती प्रत्येक घराला ठाऊक असायला हवी.

मॉनिटरच्या खालच्या किंवा मागच्या कडेला छोटी बटणे असतात. त्यांपैकी ‘मेनू’चे बटण दाबले की पडद्यावर एक चौकट उमटते, त्यात प्रकाश, रंग वगैरेंचे पर्याय असतात. ही चौकट संगणक काढत नाही. ती मॉनिटर स्वतः काढतो, आपल्या मूळ रेखीवपणाने. तेव्हा नेहमीच्या जागी बसून, नेहमीचा चष्मा लावून पाहावे. चौकटीतली अक्षरे कोरीव दिसतात आणि तिच्या मागचा मजकूर मात्र पुसट, तर दोष सेटिंग्जचा आहे. चौकटही पुसटच दिसत असेल, तर आधी पडदा आणि चष्मा मऊ कापडाने पुसावा, आणि तरीही फरक न पडल्यास डोळे तपासून घ्यावेत. टीव्हीचाच मॉनिटर केला असेल, तर रिमोटवरील मेनू हेच काम करतो. याच चौकटीत ‘माहिती’ या सदराखाली मॉनिटरला या क्षणी किती रिझोल्यूशन आणि किती हर्ट्झचा संकेत मिळतो आहे, तेही बहुधा लिहिलेले असते.

अक्षरे मोठी करण्याची योग्य वाट

सपाट पडदा हा ठरावीक संख्येच्या ठिपक्यांचा बनलेला असतो. १९२० × १०८० असे लिहिलेल्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके कारखान्यातच बसवलेले असतात. ते पुढे कमी-जास्त होत नाहीत. संगणकाला १२८० × ७२० असे सांगितले की चित्राचा एकेक ठिपका पडद्याच्या दीड-दीड ठिपक्यांवर पसरावा लागतो. अर्धा ठिपका तर उजळता येत नाही. मग मॉनिटर मधल्या छटा भरतो आणि ‘ष’ व ‘प’ यांतला फरक पुसट होतो. अक्षर मोठे झाले खरे, पण ओलसर कागदावर शाई फुटावी तसे. देवनागरीत शिरोरेषा, काने, अनुस्वार हे सारे बारीक काम असते, त्यामुळे मराठी वाचणाऱ्याला हा तोटा अधिक जाणवतो.

म्हणून रिझोल्यूशन मूळचेच ठेवावे. विंडोजच्या ‘डिस्प्ले’ सेटिंग्जमध्ये ते ‘शिफारस केलेले’ अशा खुणेने दाखवलेले असते. त्याच पानावर ‘स्केल’ नावाचा पर्याय आहे. तो १२५ किंवा १५० टक्के करावा. यात अक्षरांना अधिक ठिपके मिळतात, म्हणून ती मोठीही होतात आणि रेखीवही राहतात. केवळ मजकूरच मोठा हवा असेल, तर ‘ॲक्सेसिबिलिटी’च्या सदरात मजकुराचा आकार वेगळा वाढवता येतो. एखादेच संकेतस्थळ बारीक दिसत असेल, तर कंट्रोलची कळ दाबून धरून अधिकची कळ दाबावी, तेवढ्याने भागते.

टीव्हीबद्दल दोन शब्द. अनेक जुन्या ३२ इंची टीव्हींचा पडदा १३६६ × ७६८ ठिपक्यांचा असतो; तो १९२० × १०८० चा संकेत स्वीकारतो, पण दाखवताना आकसून दाखवतो, आणि कडाही कापल्या जातात. अशा टीव्हीला संगणकासाठी वेगळी चित्रपद्धत असल्यास ती निवडावी. दुसरी अडचण नव्या, मोठ्या टीव्हींची. फोर-के टीव्ही जुन्या एचडीएमआय १.४ च्या जोडणीवर चालवला, तर पूर्ण रिझोल्यूशनला सेकंदाला ३० च चित्रे मिळतात. मग माउस हलवला की बाण मागून, अडखळत येतो. बाण चुकला की वृद्ध माणूस यंत्राला नव्हे, स्वतःच्या हाताला दोष देतो. ‘हात थरथरायला लागला’ असे म्हणतो. हाताची तपासणी जरूर करावी, पण त्याआधी सेटिंग्जमधला ३० चा आकडा पाहावा. ६० मिळत नसेल, तर रिझोल्यूशन १९२० × १०८० वर आणून ६० हर्ट्झ निवडावे. फोर-के पडद्याचे ठिपके आडवे-उभे बरोबर दुप्पट असल्याने इथे दीड ठिपक्याची अडचण येत नाही; रेखीवपणा थोडा कमी होतो, पण बाण हाताबरोबर चालतो.

साठ, पंचाहत्तर आणि एक जुना समज

रिफ्रेश रेट वाढवला की डोळ्यांना आराम मिळतो, हा समज आला कोठून? ज्यांनी १९९० च्या दशकात कचेरीत काम केले, त्यांना ते पेटीएवढे, काचेच्या नळीचे मॉनिटर आठवत असतील. त्यांच्यात चित्र उमटायचे आणि लगेच विझायचे, पुन्हा उमटायचे. सेकंदाला ६० वेळा हे घडले तर डोळ्यांच्या कडेला लुकलुक जाणवे, म्हणून ७५ किंवा ८५ हर्ट्झ ठेवण्याचा सल्ला तेव्हा बरोबर होता. आजच्या सपाट पडद्याचे तसे नाही. त्यावरचे चित्र बदलेपर्यंत स्थिर उजळलेले राहते. बँकेचे पान वाचताना ६० हर्ट्झवर लुकलुक होत नाही, आणि ७५ केल्याने ती ‘कमी’ही होत नाही. पडदा लुकलुकल्यासारखा वाटलाच, तर कारण बहुधा मागच्या दिव्यात असते. काही मॉनिटर प्रकाश मंद करण्यासाठी तो दिवा झपाट्याने चालू-बंद करतात, आणि प्रकाश जितका कमी तितकी ही उघडझाप ठळक होते. मॉनिटरचा प्रकाश थोडा वाढवून पाहावा आणि खोलीतला दिवा लावावा. अंधारात पडदा अगदी मंद करून बसण्याची सवय काटकसरीची वाटते, पण ती डोळ्यांच्या सोयीची नाही.

मॉनिटरच मुळात ७५ किंवा १४४ हर्ट्झचा असेल, तर तो आकडा यादीतून निवडण्यात काही गैर नाही. पान वर-खाली सरकवताना ते अधिक सुरळीत सरकते. माझा आक्षेप आहे तो यादीत नसलेला आकडा हाताने लिहिण्याला. मॉनिटर संगणकाला स्वतःच्या क्षमतेचे ओळखपत्र देत असतो. हाताने लिहिलेली सेटिंग या ओळखपत्राकडे डोळेझाक करते. हिशेबच पाहा. १९२० × १०८० चा पडदा ६० हर्ट्झवर चालवताना, कडेची रिकामी जागा धरून, केबलमधून सेकंदाला १४ कोटी ८५ लाख ठिपक्यांची वाहतूक होते. ७५ केले की ती १८ कोटी ५६ लाखांवर जाते. जुन्या एकेरी डीव्हीआय जोडणीची मर्यादा १६ कोटी ५० लाख आहे. मग पडद्यावर चमचमणारे ठिपके, बारीक आडव्या रेघा, मधेच दोन सेकंद काळोख असे प्रकार सुरू होतात. काही मॉनिटर वरकरणी निमूट चालतात, पण आतून काही चित्रे गाळतात. म्हणजे वाढवलेल्या आकड्याचा लाभही मिळत नाही.

आपल्याकडे यात उन्हाळ्याची भर पडते. बहुतेक मॉनिटरांच्या पुस्तिकेत वापराचे तापमान ४० अंशांपर्यंतच दिलेले असते. खानदेशात मे महिन्यात पारा ४४ अंशांपुढे जातो आणि पत्र्याच्या छताखाली दुपारी काय होते ते सांगायला नको. दिवाळीत नातवासमोर ठीक चाललेली ताणलेली सेटिंग वैशाखात आजोबांसमोर बिघडते, आणि तेव्हा नातू सुरतेला असतो.

पडदा काळा झाला तर

सेटिंग बदलल्यावर पडदा काळा झाला किंवा ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी आली, तर प्रथम कळफलकावरून हात काढून घ्यावा. विंडोजच्या स्वतःच्या पानावरून बदल केला असेल, तर होकार न मिळाल्यास १५ सेकंदांत जुनी सेटिंग आपोआप परत येते. घाईने दाबलेल्या कळांनी नकळत होकार दिला जाऊ शकतो. इतर उपयोजनांतून केलेल्या बदलांना ही सवलत असेलच असे नाही. तिथे सोपा उपाय म्हणजे संगणक बंद करून त्याला दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही जोडणे. सेटिंग बहुधा त्या-त्या पडद्यापुरती जपलेली असते, म्हणून दुसऱ्यावर चित्र दिसते आणि तिथून हाताने लिहिलेली सेटिंग काढून टाकता येते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्याने चित्राचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तो अडकला असेल तर पडदा परत येतो, पण चुकीची सेटिंग यामुळे बदलत नाही.

दुसरा पडदा नसेल, तर संगणक सुरू होताना बटण दाबून धरून तो बंद करावा. असे दोन-तीनदा केल्यावर विंडोज दुरुस्तीचे पान आपण होऊन दाखवते. त्यातून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’पर्यंत जाऊन तिसरा पर्याय निवडला की संगणक कमी रिझोल्यूशनवर उघडतो. हा शेवटचा उपाय आहे, आणि एकट्या ज्येष्ठाने करण्यापेक्षा नातवाला मोबाइलवरून पडदा दाखवत केलेला बरा. रेघा किंवा चमचम मात्र सेटिंग पूर्ववत केल्यावरही राहिली, तर आधी केबल बदलावी. बिघाड मॉनिटरचा नसून सैल किंवा जुन्या केबलचा निघणे फार वेळा घडते.

आता डोळ्यांकडे. पडद्यावरची सरळ रेघ वाकडी दिसते आहे का, हे एकेक डोळा झाकून पाहावे. एका डोळ्याने सरळ आणि दुसऱ्याने लाटेसारखी दिसत असेल, तर तो मॉनिटरचा दोष असूच शकत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा विकार असू शकतो आणि नेत्रतज्ज्ञांकडे लवकर जावे लागते. डोळे मिटल्यावरही चमक दिसणे, अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखे होणे, कडेकडून पडदा ओढल्यासारखी सावली येणे, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी निघावे. नरडाण्याहून महामार्गाने एकीकडे धुळे, दुसरीकडे शिरपूर. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. डोळा लाल होऊन दुखणे, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणे आणि सोबत मळमळ, हेही काचबिंदूच्या तीव्र झटक्याचे लक्षण असू शकते. तिथेही थांबू नये. पापण्या मिटल्या-उघडल्यावर अक्षर क्षणभर स्वच्छ होत असेल, तर मात्र डोळ्यांचा कोरडेपणा असण्याचा संभव अधिक. पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो, हे त्याचे एक कारण.

चष्म्याबाबत एक गोष्ट राहून जाते. वाचनाचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो आणि मॉनिटर त्याहून लांब असतो. वर दूरचे व खाली जवळचे भिंग असलेला चष्मा लावून पडदा वाचताना हनुवटी वर करावी लागते आणि संध्याकाळी मान धरते. मॉनिटर थोडा खाली घ्यावा. तपासणीला जाताना डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजून, तेवढाच तुकडा कापून खिशात न्यावा आणि ‘एवढ्या अंतरावरचे दिसायला हवे’ असे सांगून तो डॉक्टरांच्या हाती द्यावा.