गोळी घाटकोपरला घेतली तर

माझं मेडिकल डोंबिवली पूर्वेला, स्टेशनच्या वाटेवर. सकाळी लोकलसाठी पळणाऱ्यांतले बरेच जण ‘पॅन-डी द्या’ म्हणत थबकतात.

मागे दोघे भाऊ आले. डॉक्टर एकच, गोळीही एकच, पॅन्टोप्रॅझोल ४०. धाकट्याची जळजळ आठवड्यात थांबली, थोरल्याचे आंबट ढेकर महिनाभर चालूच. ‘‘डुप्लिकेट माल आहे काय हो?’’ त्यानं स्ट्रिप काउंटरवर आपटली.

माल अस्सल होता. मला आधी जीनची शंका आली. सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम यकृतात ही गोळी मोडीत काढतं. त्याच्या जीनची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. ‘स्टार सतरा’ प्रकारच्या दोन प्रती आल्या, तर एन्झाइम सुसाट. पोटातलं आम्ल रोखायच्या आतच औषध उतरतं. ‘स्टार दोन’ दोन्हीकडून आली, तर एन्झाइम ठप्प आणि औषध रेंगाळतं. हे मंद लोक युरोपपेक्षा आपल्याकडे जास्त. सीपीआयसी या तज्ज्ञगटाच्या २०२०च्या शिफारशी सांगतात, की सुसाट माणसाचा डोस सुरुवातीलाच ५० ते १०० टक्के वाढवावा. मंद माणसाला गोळी १२ आठवड्यांपुढे चालवायची तर निम्म्यावर आणायचा विचार करावा. अर्थात हे डॉक्टरांनी ठरवायचं, मी नव्हे.

‘‘मग टेस्ट करू?’’ थोरल्यानं विचारलं. यांच्या वडिलांना ठाण्यात स्टेंट बसवला होता, ते मला आठवलं. त्यांची फाइल मागवली. स्टेंटनंतरच्या क्लोपिडोग्रेल या गोळीसाठी हीच टेस्ट झालेली. तिथं गणित उलटं: हे एन्झाइम त्या गोळीला जागं करतं, त्यामुळे मंद माणसाला तिचा पुरेसा गुण येत नाही. वडिलांचा रिपोर्ट ‘स्टार दोन, स्टार दोन’. म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलली होती. म्हणजे दोन्ही मुलांकडे एकेक मंद प्रत आलेलीच. थोरला सुसाट असणं शक्यच नाही. टेस्टचे पैसे वाचले!

‘‘गोळी घेता कधी?’’

‘‘घाटकोपरला गर्दी उतरते ना, तेव्हा हात खिशात जातो.’’

‘‘आणि नाश्ता?’’

‘‘घरीच. साडेसहाला पोहे.’’

घोळ इथं होता. पोटातले आम्लाचे पंप खाल्ल्यावर जोरात सुरू होतात आणि ही गोळी चालू पंपांनाच टाळं लावते. रक्तात ती काही तासच टिकते. म्हणून खाण्याआधी अर्धा तास घ्यायची.

परवा तो मुलीच्या खोकल्याचं औषध न्यायला आला. ढेकरांचं मीच विचारलं, तेव्हा कुठे त्याला आठवलं.