पुढचा गिअर उतरेनासा झाला की

गिअरच्या सायकलीतली पुढच्या डिरेलरची वायर एका दिवसात खराब होत नाही. ती आधी जड होते, मग अडकू लागते, आणि पुष्कळ दिवसांनी कधीतरी एकेक तार सुटत तुटते. हा जडपणा सर्वांत आधी कळतो तो रोज सायकल चालवणाऱ्याच्या अंगठ्याला. मिस्त्रीकडे सायकल जाते ती बहुधा वायर तुटल्यावर, म्हणजे बराच काळ कुरकुरत चालवून झाल्यावर. म्हणून ही वायर बदलण्याचं काम घरचं आहे आणि ते वायर धड असतानाच करायचं आहे, असं माझं म्हणणं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात तर त्याला जास्तच कारण आहे.

पुढचा डिरेलर म्हणजे चेनला एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलणारा छोटा पिंजरा. बहुतेक सायकलींत वायर त्याला बाहेर, मोठ्या चक्राकडे ओढते आणि स्प्रिंग त्याला आत, लहान चक्राकडे परत आणते. आउटर नावाच्या नळीतून सरकणाऱ्या या वायरीचं पेटंट इंग्लंडमध्ये अर्नेस्ट बॉडेन यांनी १८९६ साली घेतलं. नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली आणलेल्या लूनाचे ब्रेक आणि ॲक्सिलरेटरही याच तत्त्वावर चालत. तेव्हा ही काही परकी विद्या नाही. ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की गिअर चढवताना अंगठ्याचा जोर असतो, उतरवताना मात्र फक्त स्प्रिंग असते. आउटरमध्ये धूळ आणि गंज बसला तरी अंगठा वायर ओढून घेतो. स्प्रिंगला ते जमत नाही. त्यामुळे चेन मोठ्या चक्रावर जाते पण लहान चक्रावर उतरायला कां-कू करते, तेव्हा दोष बहुधा वायर-आउटरच्या घर्षणाचा असतो. उलट उतरते झटकन पण चढत नाही, तर वायर सैल पडलेली असते. ही खूण माहीत नसली की लोक डिरेलरवरचे एल आणि एच हे दोन छोटे स्क्रू फिरवू लागतात. ते स्क्रू पिंजऱ्याची आतली आणि बाहेरची हद्द ठरवतात. घर्षणाशी त्यांचा काही संबंध नाही. ते फिरवले की एका दोषाचे दोन होतात.

गिअर उतरत नाही हे कळतं नेमकं चढाच्या पायथ्याशी. सतरा हजार चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात, राज्यातल्या सर्वांत मोठ्या जिल्ह्यात, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूरचा कालव्याखालचा मुलूख सपाट आहे, आणि अकोल्यात १६४६ मीटरचं कळसूबाईचं शिखर आहे. गिअरच्या अनेक साध्या सायकलींना पुढे ४२, ३४ आणि २४ दातांची चक्रं असतात आणि मागे १४ ते २८ दातांची. २६ इंची चाकाचा घेर सुमारे दोन मीटर धरला तर २४-२८ च्या जोडीत पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटर जाते. पुढे मधलंच चक्र अडकून राहिलं तर अडीच मीटर. म्हणजे भंडारदऱ्याकडच्या चढावर प्रत्येक फेऱ्याला जवळपास ४० टक्के जास्त जोर. इथल्या मातीचंही ऐकावं लागतं. बऱ्याच सायकलींत ही वायर पॅडलच्या एक्सलखाली, प्लास्टिकच्या उघड्या खोबणीतून वळते. चाकांनी उडवलेला चिखल नेमका तिथे बसतो. काळी माती वाळली की खोबणीत खडा होऊन राहते. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची धूळ असतेच.

पुढे एकच चक्र ठेवा, डिरेलरची कटकटच नको, असं हल्ली सांगितलं जातं. सपाट भागात राहून तिथेच फिरणाऱ्याला हे पटण्यासारखं आहे. पण मागचे सात गिअर तेवढेच ठेवून पुढचं मधलं चक्र कायम केलं तर चढाचा सर्वांत हलका गिअर हातचा जातो. तो परत मिळवायला मागची मोठी चक्रं आणि बहुधा नवा मागचा डिरेलर घ्यावा लागतो. एका वायरीच्या कंटाळ्यापायी एवढा खर्च मला पटत नाही.

काम फार मोठं नाही, पण क्रम चुकवून चालत नाही. चेन सर्वांत लहान चक्रावर आणावी आणि शिफ्टर पूर्ण उतरवावा. तो मधल्या खुणेवर राहिला तर नवी वायर कितीही ताणून बांधली तरी सैलच पडणार. डिरेलरच्या बोल्टखाली जुनी वायर कोणत्या बाजूने दाबलेली आहे, त्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. बाजू बदलली तर ओढच बदलते. मग बोल्ट सैल करून वायरीचं टोक कापायचं आणि वायर मागून ढकलायची, की तिचं डोकं शिफ्टरमधून बाहेर येतं. गिअरची वायर साधारण १.२ मिलिमीटर जाड असते, ब्रेकची १.५ च्या आसपास. आउटरचा फरक याहून महत्त्वाचा. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गुंडाळलेली असते, तर खुणेखुणेने पडणाऱ्या गिअरच्या आउटरमध्ये तारा बहुधा सरळ, लांबीच्या दिशेने असतात. ब्रेकचा आउटर गिअरला लावला तर तो दबतो आणि गिअर नीट पडत नाही. गिअरचा सरळ तारांचा आउटर ब्रेकला लावणं मात्र धोक्याचं. जोराच्या ब्रेकला तो फाटू शकतो. नवा आउटर जुन्याएवढाच कापावा, दाबलं गेलेलं तोंड दाभणाने गोल करावं, दोन्ही टोकांना टोप्या घालाव्यात. एक्सलखालची खोबण ब्रशने घासून कोरडी करावी. घाईत हेच राहून जातं. शेवटी वायर पकडीने ताणून बोल्ट घट्ट करायचा, तीन-चार सेंटिमीटर टोक ठेवून बाकीची कापायची आणि टोकावर टोपी दाबायची, म्हणजे तारा विस्कटत नाहीत.

तेलाचे चार थेंब सोडले तर भागत नाही का? थोडे दिवस भागतं. पण चांगल्या आउटरला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, त्याला तेलाची गरज नसते; आणि जळालेलं ऑइल सोडलं तर ते धूळ धरून लगदा करतं. घरी केल्यावर मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल, ही शंका मी हलकी समजत नाही. पण चाकाचा आउट काढणं, एक्सलचे छर्रे बदलणं, वाकलेला फोर्क पाहणं या कामांना खास हत्यारं आणि मुरलेला हात लागतो; ती कामं त्याचीच राहतील. घरी बिघडेल ही भीतीही फारशी खरी नाही, कारण या कामात डिरेलरची जागा बदलत नाही आणि ते दोन स्क्रूही हलत नाहीत. फसलं तर बोल्ट सैल करून पुन्हा बांधता येतं. अगदी वाटेत वायर तुटलीच, तर स्प्रिंग चेनला लहान चक्रावर आणून ठेवते, आणि मागच्या १४ दातांवर फेऱ्याला साडेतीन मीटरने का होईना, सायकल घरी येते.

नवी वायर घातल्यावर पहिल्या काही फेऱ्यांत आउटरची टोकं आपापल्या जागी दाबून बसतात आणि वायर किंचित सैल होते. मोठं चक्र पकडायला चेन पुन्हा वेळ लावू लागते. काम फसलं असं समजून बोल्ट सोडू नये. शिफ्टरपाशी वायर जिथून बाहेर पडते तिथला गोल ॲडजस्टर घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवावा, आणि चेन तरीही चढली नाही तर आणखी अर्धा.