इंजिन जळलेलं नाही, रुसलंय!

खेळण्यातली आगगाडी अडखळत चालतेय? स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ती नेमकी कुठे अडते ते बघा. निम्मं उत्तर तिथंच आहे.

दिवाळीची साफसफाई निघते आणि माळ्यावरून एक जुना खोका खाली येतो. आत रूळ, चार डबे, एक इंजिन. काकांनी कधीतरी परदेशातून आणलेला सेट! टेबलावर सगळं मांडून तुम्ही बटण दाबता. गाडी दोन झटके देते, जरा पळते आणि वळणावर थांबते. बोटानं ढकललं की पुन्हा चालू. ‘मोटर गेली’ असा निकाल घरातलं कुणीतरी लगेच देऊन टाकतं आणि खोका भंगाराच्या वाटेला लागतो.

जरा थांबा, बॉस! अशा गाडीची मोटर अनेकदा ठणठणीत असते. अडचण असते ती तिच्यापर्यंत वीज पोचण्यात.

विजेवरच्या छोट्या गाड्यांमध्ये एचओ हा प्रकार जगभर लोकप्रिय आहे. खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान, आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. साध्या सेटमध्ये रुळांतून साधारण १२ व्होल्टपर्यंत डीसी करंट जातो. एका रुळावरून तो चाकात शिरतो, तिथून मोटरमध्ये आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांतून परत. चाक रुळाला टेकतं ती जागा अगदी सुईच्या टोकाएवढी. तिथं तेल आणि धुळीचा पातळ थर जमला तरी वीज तुटते आणि इंजिन उचकी लागल्यासारखं करतं.

आधी डिटेक्टिव्ह बना

इंजिन उघडायची घाई नको. दहा फेऱ्या मारू द्या आणि शांतपणे बघत बसा.

दर फेरीत एकाच जागी अडते? मग दोष रुळाचा. तिथला जोड सैल असेल किंवा रूळ मळलेला असेल. सांधा असेल तर आणखी एक शक्यता असते. बऱ्याच सांध्यांच्या मधोमध प्लॅस्टिकचा तुकडा असतो, तिथं वीज नसते. लांब इंजिन तो सहज ओलांडतं, छोटं इंजिन स्लो स्पीडला तिथंच बसकण मारतं.

वायर जोडलीय तिथं सुसाट आणि पलीकडच्या टोकाला मरगळलेली? प्रत्येक सैल जोड थोडे थोडे व्होल्ट खातो. रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या पकडीनं हलकेच आवळा. लूप मोठा असेल तर पलीकडच्या टोकालाही वायरची एक जोडी द्या, फक्त प्लस-मायनसची अदलाबदल होऊ देऊ नका.

कुठेही, कधीही अडखळते? आता संशय इंजिनच्या चाकांवर. दुसरं इंजिन असेल तर त्याच रुळावर सोडून बघा. ते नीट चाललं, की रूळ निर्दोष सुटले.

ठरावीक ठेक्यात झटका बसतोय, ठक... ठक... ठक? मग दोष फिरणाऱ्या भागात. ॲक्सलवरच्या प्लॅस्टिकच्या गिअरला चीर गेली असेल किंवा दात्यात कचरा अडकला असेल. ॲक्सलला गुंडाळलेला केस हा तर नेहमीचाच गुन्हेगार! जमिनीवर रूळ मांडले की घरातले सगळे केस गाडीच गोळा करते.

आणि एकटं इंजिन छान पळतं, पण डबे जोडले की धापा टाकतं? डबे एकेक करून बोटानं ढकला. जड चालणारा डबा लगेच सापडेल.

सफाई अशी करा

वीज बंद करा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत त्याची चौकशी करा. जुन्या टी-शर्टचा तुकडा त्यात भिजवून रुळाचा वरचा भाग पुसा. कापड काळं व्हायचं थांबेपर्यंत पुसत राहा.

चाकांसाठी एक सोपी ट्रिक आहे. टिश्यू पेपर किंचित ओला करून रुळांवर आडवा ठेवा. इंजिनची अर्धी चाकं त्यावर आणि अर्धी मोकळ्या रुळावर. इंजिन हातात धरून हळू स्पीड द्या. चाकं जागच्या जागी फिरतील आणि टिश्यूवर काळ्या रेघा उमटतील. मग इंजिन फिरवून उरलेली चाकं साफ करा. अल्कोहोल पटकन पेट घेतं, त्यामुळे खिडकी उघडी हवी. जवळपास पणती, गॅस, सिगारेट काही नको.

शेवटी तेल. प्लॅस्टिकला चालणारं हलकं तेल, ॲक्सलच्या टोकाला, टाचणीच्या टोकावर बसेल एवढंच. ते रुळावर उतरलं तर तुमची सगळी मेहनत फुकट.

हे मात्र नको

पॉलिश पेपर नको. त्याचे ओरखडे पुढे मळाची घरं होतात. चांगले रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी हा मिश्रधातू तांबं, निकेल आणि जस्ताचा.

न्यू जर्सीच्या दादानं पाठवलेला सेट थेट प्लगला लावू नका. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. जुना ट्रान्सफॉर्मर जळून जाईल. ॲडॉप्टरवर १००-२४० लिहिलेलं असेल तरच बिनधास्त लावा.

आणि गाडी बॅटरीवरची असेल तर रुळांना दोष देऊ नका. साधा सेल १.५ व्होल्टचा, रिचार्जेबल साधारण १.२ चा. दोन सेलच्या गाडीला ३ ऐवजी २.४ व्होल्ट मिळाले तर ती दमणारच. सेलच्या घरातल्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर व्हिनेगरच्या काडीनं पुसा, कोरडं करा, मग नवे सेल घाला.

एवढं सगळं का करायचं? कारण जुन्या सेटचा गिअर तुटला तर तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. घाईनं उघडलेलं इंजिन कायमचं शोकेसमध्ये जातं. नीट निगा ठेवली तर हा पसारा किती रंगू शकतो हे बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम गाठा. १९९८ मध्ये सुरू झालेलं हे म्युझियम एका माणसाच्या छंदातून उभं राहिलंय.

सफाईनंतर गाडी फुल स्पीडला सोडून खूश होऊ नका. वेगाच्या जोरावर ती मळलेली जागाही ओलांडून जाते. नॉब जेमतेम फिरवा. मुंगीच्या चालीनं, न अडखळता एक अख्खी फेरी झाली, की समजा रुसवा गेला!